पॉइंट टू-टूची गोळी निवडताना

पन्नास मीटरवरच्या रायफल टारगेटवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. गोळीची जाडी ५.६ मिमी. गोळीची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे भोकाचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असला की काम झालं. त्यापुढे दर ८ मिमीला एक गुण जातो. दशांशात मोजलं तर दर ०.८ मिमीला ०.१.

हे गणित आधीच मांडलं, कारण काडतुसांबद्दलच्या गप्पांमध्ये ते सहसा कुणी मांडत नाही. अमुक कंपनीची गोळी ‘एकाच भोकात जाते’, तमुक डबी महाग आहे म्हणजे चांगलीच असणार, असं रेंजवर रोज ऐकू येतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. रायफल आणि काडतूस मिळून, नेमबाजाची चूक शून्य धरली तर, सगळ्या गोळ्या १६ मिमीच्या घेरात ठेवतात का? ठेवत असतील आणि साइट बरोबर मध्यावर असेल, तर पूर्ण अंकांच्या स्पर्धेत निव्वळ काडतुसामुळे नऊ येण्याचं कारण उरत नाही.

पण नेमबाजाची चूक शून्य कधीच नसते. तेव्हा पुढचं गणितही पाहा. माणसाचं डगमगणं आणि काडतुसाचं विखुरणं ही दोन स्वतंत्र कारणं आहेत, आणि ती सरळ बेरजेनं वाढत नाहीत. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. समजा, नवख्या नेमबाजाचा गुडघ्यावर बसून स्वतःचा ग्रुप, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, ६० मिमीचा आहे. त्याला २५ मिमीचा ग्रुप देणारी साधी काडतुसं दिली तर एकूण ग्रुप ६५ मिमीचा होईल. १२ मिमीची उंची काडतुसं दिली तर ६१ मिमीचा. दुपटी-तिपटीनं पैसे मोजून चार मिलिमीटर हाती आले. आता झोपून १४ मिमीत गोळ्या ठेवणारा मुरलेला नेमबाज घ्या. साध्या काडतुसांनी त्याचा ग्रुप २९ मिमीच्या घरात जातो, उंचीनं १८ वर येतो. काडतूस तेच, फरक तोच, पण एकाला तो जेमतेम जाणवतो आणि दुसऱ्याचं पदक त्यावर ठरतं.

पदक ठरतं हे अलंकारानं म्हटलेलं नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण केले: गुडघ्यावर १९८, झोपून १९७, उभ्यानं १९५. तो सातवा आला, अंतिम फेरीत गेला आणि कांस्य घेऊन आला. त्याच फेरीत ५८९ गुणांवर असलेला भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर अकरावा राहिला. साठ गोळ्यांमध्ये एका गुणाचं अंतर. त्याआधी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं प्रोनमध्ये, म्हणजे झोपून, ६०० पैकी ५९७ गुणांनी सुवर्ण जिंकलं. साठ गोळ्यांत तीन गुण गमावायची मुभा असेल, तिथे आपल्या नळीला न मानवणारी पेटी घेऊन उतरणं परवडत नाही.

तेव्हा पैसे काढण्याआधी स्वतःचा ग्रुप मोजा. एका स्थितीत, घाई न करता, दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप मारा आणि सरासरी काढा. ती ४० मिमीच्या वर असेल तर सर्वांत महागड्या काडतुसांचा विचार सध्या बाजूला ठेवा. तेच पैसे मधल्या दर्जाच्या जास्त काडतुसांवर आणि रेंजवरच्या जास्त तासांवर घाला. मुलाला थेट ‘ऑलिंपिकवाली गोळी’ घेऊन द्यायला निघालेल्या पालकांनी तर हे जरूर करावं.

आता काडतुसाकडे वळू. .२२ लाँग रायफल १८८७ साली अमेरिकेत आली, आणि तिची मूळ रचना आजही तीच आहे. मोठ्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी प्राइमर वेगळा बसवलेला असतो. इथे तसं नाही. पितळी पुंगळीच्या बुडाला जी पोकळ कड असते, तिच्यात स्फोटक मिश्रण ओलं असताना पुंगळी गरागरा फिरवून पसरवतात. फायरिंग पिन ती कड चेपते आणि मिश्रण पेटतं. मिश्रण कडेत सगळीकडे सारखं पसरलं नाही तर ज्वाळा दर वेळी सारखी उठत नाही. दारू असते ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे तिच्यातला कणभर फरकही वेगात दिसतो. वर मऊ शिशाची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी, पुंगळीच्या तोंडात दाबून बसवलेली आणि मेणासारख्या वंगणानं माखलेली. मोठ्या बोअरचे परदेशी नेमबाज दारू मोजून घेऊन काडतुसं घरी भरतात आणि आपल्या रायफलला जुळवून घेतात. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कारखान्यातून आलं ते आलं.

म्हणून लॉटला एवढं महत्त्व. एका सलग उत्पादनात बनलेला, एकाच दारूचा आणि एकाच मिश्रणाचा माल म्हणजे एक लॉट. डबीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि लॉट नंबर कडेला बारीक अक्षरांत. नेमबाजानं आधी बारीक अक्षरं वाचावीत. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमधला फरक तुमच्या नळीपुरता दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो. शेजारच्या लेनवरच्या मित्राच्या रायफलमध्ये सुरेख चालणारा लॉट तुमच्या रायफलमध्ये पसरला, तर त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं. दोन नळ्या एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात निघाल्या तरी त्यांची आवडनिवड वेगळी असते.

वेगाबद्दल एक समज इतका पक्का रुजला आहे की तो खोडायला थोडी जागा द्यावी लागेल. वेगवान गोळी वाऱ्यात कमी सरकते, असं तर्काला वाटतं. .२२ मध्ये नेमकं उलटं घडतं. टारगेटसाठीची काडतुसं सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगानं नळीबाहेर पडतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली. (तीस अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, थंडीत तो कमी होतो.) ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली गोळी ३७० मीटरच्या पुढे निघते, पण ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि तिचा वेग झपाट्यानं घटतो. वारा गोळीला किती ढकलतो हे ती टारगेटपर्यंत पोचायला किती वेळ घेते यावर नुसतं ठरत नाही. वाटेत ती किती मंदावली यावर ठरतं. त्यामुळे पन्नास मीटरवर जास्त वेगाची गोळी आडव्या वाऱ्यात मंद गोळीपेक्षा जास्तच सरकते. शिवाय ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना तिचा तोल ढळतो, तो वेगळा. सेकंदाला एक मीटरची हलकी झुळूकही साध्या टारगेट गोळीला पाच-सहा मिमी बाजूला नेते. तिच्यावर जास्त वेगाचा उतारा शोधू नये. डबीवर ‘स्टँडर्ड’, ‘सबसॉनिक’, ‘मॅच’ किंवा ‘टारगेट’ असं असेल तीच घ्यावी.

याच्या जोडीला सुरक्षिततेचा एक मुद्दा. सीसीआय कंपनीच्या ‘स्टिंगर’सारख्या अतिवेगवान काडतुसाची पुंगळी नेहमीपेक्षा लांब असते. स्पर्धेच्या रायफलचं चेंबर अरुंद आणि आखूड कापलेलं असतं. बोल्ट बंद करतानाच गोळी नळीच्या खाचांमध्ये किंचित रुतते. अशा चेंबरमध्ये लांब पुंगळीचं काडतूस घालायचं नसतं, दाब धोकादायक वाढू शकतो. तसंच ६० ग्रेनच्या जड गोळ्यांचं. .२२ च्या बहुतेक नळ्यांमध्ये खाचा १६ इंचांत एक फेरा घेतात, आणि तेवढ्या फिरकीवर जड गोळी स्थिर होत नाही. कागदावर आडवं भोक पाडते.

वेग किती हे एकदा ठरलं की तो किती सारखा आहे हे पाहायचं. पन्नास मीटर जाईपर्यंत .२२ ची गोळी गुरुत्वाकर्षणानं साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक असेल तर त्या टारगेटवर एकमेकींच्या वर-खाली सुमारे सात मिमी अंतरानं लागतील. सात मिमी म्हणजे जवळजवळ एक पूर्ण गुण. पंचवीस मीटरवर हाच फरक दोन मिमीही होत नाही. शंभर मीटरवर तीस मिमीच्या आसपास जातो. उंची काडतुसाचे पैसे आपण मुख्यतः या सारखेपणासाठी मोजतो.

यातूनच पिस्तूलवाल्यांचा निकाल लागतो. २५ मीटर पिस्तुलाच्या प्रिसिजन टारगेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं, रॅपिडच्या टारगेटवर १०० मिमीचं. ठीकठाक कोणतंही स्टँडर्ड काडतूस टेकूवरून त्याच्या आत सहज बसतं. तिथे अचूकतेपेक्षा भरवसा महत्त्वाचा: गोळी मॅगझिनमधून अडखळत नाही ना, पुंगळी दर वेळी बाहेर फेकली जाते ना, झटका सारखा बसतो ना. रॅपिडमध्ये टारगेट तीन सेकंदांसाठी समोर येतं. त्या तीन सेकंदांत पिस्तूल अडकलं तर काडतुसाचा ग्रुप किती लहान होता हे कुणी विचारत नाही. एसके, ईली, लापुआ या सगळ्या कंपन्या पिस्तुलासाठी वेगळी काडतुसं बनवतात, ती याच कारणासाठी. हाय व्हेलॉसिटी काडतुसं टारगेट पिस्तुलात घालू नयेत. आतल्या भागांवर नाहक मार बसतो आणि नेम पुन्हा जागेवर यायला उशीर होतो. पिस्तुलासाठी कसोटीही निराळी. पाचशे गोळ्या मारा, किती वेळा अडकलं ते लिहून ठेवा. हजारात एकदा अडकणारं साधं काडतूस शंभरात एकदा अडकणाऱ्या महागड्यापेक्षा बरं.

रायफलसाठी बाजारात ढोबळ तीन पायऱ्या दिसतात. सरावाच्या पायरीवर सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी, एसके स्टँडर्ड प्लस, ईली स्पोर्ट किंवा क्लब. मधल्या पायरीवर एसके रायफल मॅच, ईली टीम, लापुआ सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएसची मधली मॅच काडतुसं. वरच्या पायरीवर ईली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस आणि एक्स-ॲक्ट, आरडब्ल्यूएस आर ५०. एनसीसीत ज्यांनी पहिली गोळी झाडली त्यांना आपल्या आयुध निर्माणीची .२२ आठवत असेल. कॅडेटला ग्रुपिंग म्हणजे काय हे शिकवायला ती पुरेशी आहे, स्पर्धेच्या रायफलसाठी नाही.

माझं मत विचाराल तर बहुतेक राज्यस्तरीय नेमबाजांनी मधल्या पायरीवर मुक्काम करावा. काही कारखान्यांमध्ये मधली आणि वरची काडतुसं एकाच यंत्रावरून उतरतात आणि चाचणीत जो लॉट सरस ठरला त्याला महागडं नाव मिळतं. ती चाचणी कारखान्याच्या नळीतून झालेली असते, तुमच्या नव्हे. त्यांना दुय्यम वाटलेला एखादा लॉट तुमच्या नळीला नेमका मानवतो, आणि असे लॉट शोधणारा नेमबाज वर्षाकाठी बरेच पैसे वाचवतो. फक्त सराव एका पायरीवर आणि स्पर्धा दुसऱ्या पायरीवर करायची असेल, तर दोन्ही काडतुसं शक्यतो एकाच कंपनीची, एकाच वंगणाची ठेवा. आवाज आणि झटका सारखा राहतो आणि साइटला फार क्लिक द्यावे लागत नाहीत.

कसोटी कशी घ्यायची यात बहुतेकांची गफलत होते, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

जगातले अव्वल नेमबाज आपली नळी आणि ॲक्शन घेऊन थेट कारखान्यात जातात: ईलीसाठी बर्मिंगहॅमला, लापुआसाठी जर्मनीत श्योनेबेकला, आरडब्ल्यूएससाठी फ्युर्टला. तिथे बंद बोगद्यात नळी शिकंज्यात घट्ट धरतात आणि एकामागून एक लॉट तिच्यातून झाडून पाहतात. आवडला तो लॉट तिथल्या तिथे पेट्यांनी विकत घेतात. आपल्यातल्या फार थोड्यांना हे शक्य आहे. पण वाळूच्या दोन पिशव्या, एक भक्कम टेबल आणि वारा पडलेली सकाळ एवढ्या भांडवलावर घरच्या रेंजवर कामचलाऊ निर्णय घेता येतो. बालेवाडी असो, वरळी असो की जिल्ह्याच्या ठिकाणचा क्लब, सकाळी पहिली लेन मागून घ्या. दहा वाजले की वारा उठतो आणि कागदावर काडतुसाऐवजी वाराच मोजला जातो.

आधी रायफल तपासा. ॲक्शनचे स्क्रू टॉर्क पानानं ठरलेल्या ताणावर आवळलेले आहेत का, साइट हलते का, हे पाहिल्याशिवाय काडतुसावर आळ घेऊ नका. मग नवीन काडतुसाच्या पंधरा-वीस गोळ्या न मोजता झाडा. आधीच्या काडतुसाचं वंगण आणि जळका थर नळीत असतो. नव्या वंगणाचा लेप बसेपर्यंत ग्रुप भटकतो. या गोळ्या वाया गेल्या असं वाटून मोजणी लगेच सुरू करणाऱ्याची पुढची सगळी मोजणी वाया जाते.

मग दहा गोळ्यांचे किमान चार ग्रुप. पाचचे का नकोत? पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबावर फार अवलंबून असतो. तीच रायफल, तेच काडतूस, तोच माणूस, आणि तरी एक ग्रुप सरासरीपेक्षा पाव हिस्सा लहान तर पुढचा पाव हिस्सा मोठा येणं अगदी नेहमीचं. १० आणि १४ मिमीचे दोन ग्रुप समोर ठेवून ‘हा लॉट सरस’ म्हणणारा बहुधा नाणेफेकच करत असतो. आणखी एक, पाचच्या आणि दहाच्या ग्रुपची तुलना करू नका. पाचचा सरासरी ग्रुप १२ मिमी असेल तर दहाचा १५ च्या आसपास येतोच. गोळ्या वाढल्या की घेर वाढतो. खिशात दाखवायला ठेवलेला तो एक सुंदर पाचचा कागद पुरावा म्हणून कुचकामी आहे.

दोन-तीन लॉट एकाच दिवशी पाहायचे असतील तर क्रम लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो उलटा करा. सकाळी ताजेतवाने असताना झाडलेला लॉट नेहमीच चांगला दिसतो. मोजताना दोन सर्वांत दूरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या. इलेक्ट्रॉनिक टारगेट असेल तर प्रत्येक गोळीची जागा आकड्यांत मिळते. मग ग्रुपच्या केंद्रापासून प्रत्येक गोळी किती लांब आहे त्याची सरासरी काढा. टोकाच्या दोन गोळ्यांवर विसंबण्यापेक्षा ती जास्त खरी. बाहेर गेलेली गोळी ‘माझी चूक’ म्हणून वगळायची असेल तर टारगेटकडे पाहण्याआधी तसं मोठ्यानं सांगा. चाप ओढताना कळलं नव्हतं आणि भोक पाहून कळलं, तर ती गोळी मोजायची.

ग्रुपचा आकारही वाचा. उभा लांबट असेल तर वेगातला फरक किंवा श्वासाची गडबड. आडवा असेल तर वारा, नाहीतर रायफल कलते आहे. दोन वेगळे झुबके दिसले तर काडतूस बदलण्याआधी स्टॉक आणि स्क्रूकडे जा. क्रोनोग्राफ मिळाला तर त्यावर सरासरी वेगाऐवजी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातलं अंतर पाहा. पण शेवटचा शब्द कागदाचा. कमी अंतर दाखवणारा लॉट नळीला आवडत नसेल तर आकड्यांचं कौतुक करून उपयोग नाही.

काडतुसं वजन करून वेगळी काढणं, कडेची जाडी गेजनं मोजून वर्गवारी करणं, हे उद्योग काही जण निष्ठेनं करतात. स्वस्त काडतुसांत त्यानं एखादं विचित्र काडतूस वेगळं निघतं. चांगल्या मॅच काडतुसांत फरक इतका किरकोळ असतो की तो वेळ उभ्या स्थितीच्या सरावाला द्यावा.

नळीची सफाई हा स्वतंत्र विषय आहे. इथे फक्त काडतुसाशी संबंध आहे तेवढं. चेंबरच्या पुढे, जिथे गोळी खाचांत शिरते, तिथे कार्बनचं कडं साचतं. ते वाढलं की कालपर्यंत चांगला चालणारा लॉट एकाएकी बिघडल्यासारखा वाटतो. तक्रार घेऊन डीलरकडे जाण्याआधी ते काढून पाहा. आणि सफाईनंतर लगेच स्पर्धेला उभं राहू नका. ग्रुप स्थिरावायला दहा-वीस गोळ्या लागतात.

उन्हाळ्यात गोळीवरचं वंगण मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली पेटी संध्याकाळी वरून तशीच दिसते, पण वंगण ओघळून पुंगळीवर आलेलं असतं. काडतुसं घरातल्या थंड, कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवा आणि रेंजवर सावलीत. पावसाळ्यात डबी उघडी टाकू नका. मॅटवर काडतुसं ओतून ठेवायची सवय मोडा. चिकट वंगणाला धूळ लागते आणि ती धूळ नळीत जाते. भोकं पाडलेला लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा स्वस्तात मिळतो, शिवाय किती गोळ्या झाल्या तेही कळतं. गोळी पुसू नका, वंगण तिथे मुद्दाम घातलेलं आहे.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर नळी टारगेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा आणि काडतूस रेंज ऑफिसरकडे द्या. आवाज फुसका आला तर पुढची गोळी भरूच नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते. एका डबीत अशी दोन-तीन काडतुसं निघाली तर कडेवरची पिनची खूण पाहा. खूण उथळ असेल तर दोष पिनचा किंवा स्प्रिंगचा. घाव खोल बसूनही काडतूस पेटलं नसेल तर लॉट नंबर लिहून घ्या. झाडून झाल्यावर हात साबणानं धुवा आणि त्याआधी जेवणाचा डबा उघडू नका. शिसं आणि प्राइमरची धूळ बोटांवर असते.

खरेदीत आपल्याकडची अडचण वेगळी. .२२ ची काडतुसं शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली येतात. परवान्यावर एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, दोन्ही मर्यादा लिहिलेल्या असतात. खरेदी परवानाधारक डीलरकडून किंवा संघटनेमार्फत, आणि प्रत्येक खरेदीची नोंद. मित्राकडे परवाना नसेल तर ‘एक डबी ट्राय कर’ म्हणून देणं हा गुन्हा आहे. लॉट पाहायचा असेल तर क्लबच्या रेंजवर, क्लबच्या नियमात बसवून पाहावा. क्लबची काडतुसं क्लबच्या वहीत चढलेली असतात, ती तिथेच संपवायची.

चांगला माल बहुतेक आयात होतो, त्यामुळे हवं ते हवं तेव्हा मिळत नाही. म्हणून मागणी नोंदवतानाच लॉट नंबर विचारा. पन्नासची डबी, पाचशेची ब्रिक, पाच हजारांची पेटी असा हिशेब असतो. चाचणीसाठी एकेका लॉटच्या तीन-चार डब्या घ्या. लॉट पसंत पडला तर परवान्याच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम उचला, किंवा क्लबमधल्या परवानाधारकांनी मिळून डीलरला तो लॉट राखून ठेवायला सांगा. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या परवान्यावर. ‘तोच माल आहे, फक्त नंबर वेगळा’ असं डीलर म्हणाला तर तो वेगळा माल आहे असं समजा आणि पुन्हा चाचणी घ्या. दुकानदार फसवतो असं नाही, त्याच्या दृष्टीनं तो खरंच तोच माल असतो.

एक वही ठेवा. लॉट नंबर, तारीख, तापमान, वारा, किती गोळ्या, ग्रुप किती, साइटचे क्लिक किती. हाताशी असलेल्या लॉटच्या पाचशे गोळ्या उरल्या की नव्याची चाचणी सुरू करायची, म्हणजे जुना आणि नवा एकाच सकाळी शेजारी-शेजारी झाडून पाहता येतो. शेवटची डबी उघडल्यावर शोध सुरू केला तर तुलनेला काही उरत नाही, आणि राज्य स्पर्धेच्या आठवड्यात दुकानात जे असेल ते घ्यावं लागतं.